शब्दांची शाळा : सॉरी कुणाला म्हणायचं?

बालमित्रांनो,

आज आपल्या शब्दांच्या शाळेत एक पाहुणी येणार आहे, बरं का! ती आहे दक्षिण कोरियातली, चौथीत शिकणारी. खरीखुरी नाही हं, आपण मनात आणलेली. पण तिची अडचण मात्र अगदी खरी आहे.

दक्षिण कोरियातल्या शाळांत १९९७ पासून तिसरीपासूनच इंग्रजी शिकवतात. आपल्या पाहुणीला पुस्तकात एक वाक्य भेटलं. आकाश भरून आलेलं असतं, आई मुलीच्या हातात छत्री देते आणि म्हणते, ‘बेटर सेफ दॅन सॉरी!’

‘सेफ’ तिच्या ओळखीचा. कोरियात बेसबॉल फार आवडीनं खेळतात. धावणारा गडी बाद झाला नाही, की पंच ‘सेफ’ असंच म्हणतात. ‘सॉरी’ही ओळखीचा. सॉरी म्हणजे ‘मिआन’, म्हणजे माफ करा. पण इथं माफी मागायची तरी कुणाची? पावसाची?

हसू नका हं! आपल्यालाही सॉरी म्हणजे ‘माफ करा’ एवढंच पाठ असतं की नाही? इथं मात्र सॉरीचा अर्थ आहे पस्तावा. कोरियन भाषेत त्याला ‘हुह्वे’ म्हणतात. मागाहून हळहळत बसण्यापेक्षा आधीच जपलेलं बरं, असा त्या वाक्याचा भाव.

दुसरी अडचण शब्दांच्या क्रमाची. इंग्रजीत ‘दॅन’ आधी येतो आणि ‘सॉरी’ नंतर. कोरियन भाषेत उलटं. छत्रीला तिकडे ‘उसान’ म्हणतात, आणि ‘उसानबोदा’ म्हणजे छत्रीपेक्षा. आपला ‘पेक्षा’ जसा शब्दाच्या मागे चिकटतो, तसाच त्यांचा ‘बोदा’. म्हणून इंग्रजी वाक्य शब्दाला शब्द लावून वाचलं, की तीही अडखळते आणि आपणही!

मग तिनं काय करावं? आपल्या आजीच्या म्हणी आठवाव्यात! कोरियन म्हण आहे, ‘दगडी पूलसुद्धा ठोकून बघून मगच ओलांडा.’ दगडी पूल तो, पक्काच असणार! तरी आधी ठोकून बघा. हा झाला ‘सेफ’.

दुसरी म्हण, ‘बैल गमावल्यावर गोठा दुरुस्त करतो.’ हा झाला ‘सॉरी’! काय, ओळखीची वाटली ना? आपली ‘बैल गेला नि झोपा केला’ हीच ती. झोपा म्हणजे गोठ्याचं झापाचं दार. हजारो मैल दूर राहणाऱ्या शेतकऱ्यांनाही अगदी तेच सुचलं!

आता आमच्या शाळेतली गोष्ट सांगते. गेल्या पावसाळ्यात मधल्या सुट्टीत एक मुलगा ओल्या जिन्यावरून धावत सुटला. त्याचा धक्का लागून दुसरीतली एक चिमुरडी चार पायऱ्या गडगडली. तो बिचारा रडवेला होऊन “सॉरी, सॉरी” म्हणत राहिला. त्याचं सॉरी अगदी मनापासून होतं. तरी तिच्या हाताचं प्लॅस्टर महिनाभर निघालं नाही. आणि खरं सांगू? जिना ओला आहे हे मलाही दिसलं होतं. ‘पुसून घेऊ नंतर’ म्हणून मी पुढे गेले. दुसऱ्या दिवशी मी जिन्यापाशी पोतं टाकलं. बैल गेला नि झोपा केला!

म्हणून सांगते, माफी जरूर मागावी. पण माफीनं मोडलेला हात जुळत नाही. आपल्या पाहुणीला हे कळलं, की ते इंग्रजी वाक्य ती कधी विसरायची नाही. तुम्हीही नाही!

आता या आठवड्याचा गृहपाठ. आई-बाबांबरोबर घरात एक फेरी मारा. निसरडी मोरी, लोंबणारी वायर, हाताशी आलेलं गरम भांडं, जे दिसेल ते वहीत लिहा. आणि आपला ‘झोपा’ बैल जायच्या आधीच करून टाका!

तुमच्या,
बाई