जुन्या मोटारीची नवी चाल

दर दिवाळी अंकात या पानावर एखादे यंत्र उघडून पाहायचे, हा आपला शिरस्ता. यंदा यंत्र निवडण्याचे काम ठाण्याच्या एका वाचक भगिनींनी केले आहे. त्यांचे चिरंजीव शिकागोस नोकरीला असतात. त्यांनी १९७५ सालची मर्सिडीज ४५० एसएल ही दोन आसनांची, टप काढता येणारी मोटार विकत घेतली. “माझ्या लग्नापेक्षाही जुनी”, असे बाईंनी लिहिले आहे. चिरंजिवांची तक्रार अशी की मोटार वळणावर होडीसारखी कलते आणि ब्रेक दाबला की नाक खाली घालते. तेव्हा ते कडक व आखूड स्प्रिंगा, नवे शॉक-अ‍ॅब्सॉर्बर आणि मोठी चाके आणून हे सारे घरच्या गॅरेजात स्वतःच्या हाताने बसवणार आहेत. बाईंचा प्रश्न मोजका आहे: “यात जिवाला धोका आहे, की नुसता पैशाला?”

दोन्हीला आहे. पण दोन्ही टाळता येण्याजोगे आहेत, म्हणून जरा बैजवार पाहू.

प्रथम स्प्रिंगेचे काम. घरातले एखादे कुलूप घ्या आणि वीतभर दोरीला टांगून हलकेच झोका द्या. ते साधारण एका सेकंदात जाऊन परत येईल. आता गंमत अशी की, मोटारीच्या वजनाखाली जी स्प्रिंग वीतभर दबते, तिच्यावर मोटार याच तालात वर-खाली होते. दोरी पाव करा, म्हणजे सहा सेंटिमीटर ठेवा, की ताल दुप्पट जलद होईल; आणि तितकीच दबणारी कडक स्प्रिंग मोटारीलाही तसेच जलद उसळवते. आरामशीर मोटारींचा ताल सेकंदाला एक ते दीड हेलकाव्यांच्या आसपास असतो. शर्यतीच्या मोटारीचा त्याहून पुष्कळ जलद. पण शर्यतीच्या मोटारीत बसून कोणी सहकुटुंब फराळाला जात नाही.

आणि शॉक-अ‍ॅब्सॉर्बर? हे नाव मुळी चुकीचेच पडले. धक्का झेलते ती स्प्रिंग; हा नळकांड्यातला दट्ट्या तेलाला बारीक छिद्रांतून ढकलून नंतरचे डोलणे थांबवतो. तो निकामी झाला की झोपाळ्याला पाय लावणारे कोणी उरत नाही. मोटारीचा कोपरा जोराने दाबून सोडावा. एकदा वर येऊन ती स्थिरावली तर ठीक. डोलत राहिली तर तो दट्ट्या पेन्शनीत निघाला असे समजावे.

आता या मोटारीकडे येऊ. एसएलची ही पिढी १९७१ ते १९८९ अशी अठरा वर्षे निघाली आणि दोन लाख सदतीस हजारांहून अधिक मोटारी तयार झाल्या. ती मऊ आहे ती चुकून नव्हे. दोघांनी लांबचा प्रवास न थकता करावा, याच हिशेबाने ती बांधली आहे. मात्र चिरंजीव जी चाल आज अनुभवताहेत, ती कारखान्याने दिलेली चाल नव्हेच. चाकांचे हात जिथे जोडलेले असतात, तिथे रबराचे बुश असतात. पन्नास वर्षांत रबर वाळते, चिरते, बसते. मग हात जागच्या जागी सरकू लागतात आणि चालक म्हणतो, स्प्रिंग मऊ आहे. गुडघे दुखतात म्हणून जाड तळव्याचे बूट आणण्यातलाच हा प्रकार.

सुधारणा म्हणजे कडकपणा, ही समजूत खुद्द या घराण्याच्या इतिहासानेच खोटी ठरवली आहे. १९५४ सालची ३०० एसएल आठवा. पंखांसारखी वर उघडणारी दारे असलेली ती प्रसिद्ध मोटार. तिचा मागचा आस डिफरन्शियलच्या दोन बाजूंना बिजागरीने जोडलेला होता. त्यामुळे चाक वर-खाली होताना तिरके होई. वेगाने वळण घेताना चालकाने घाबरून अ‍ॅक्सिलरेटर सोडला की मागची बाजू उचलली जाई, बाहेरचे चाक पोटाखाली दुमडू पाही, पकड सुटे आणि मोटार गर्रकन फिरे. कसबी चालकांनाही तिचा धाक वाटे. १९५७ साली तिची उघडी आवृत्ती आली, तेव्हा अभियंत्यांनी स्प्रिंगा कडक करण्याचा सोपा मार्ग घेतला नाही. त्यांनी बिजागरीचा बिंदू एकच ठेवून तो डिफरन्शियलच्या खाली आणला आणि दोन्ही बाजूंचा भार वाटून घेणारी एक आडवी स्प्रिंग बसवली. चाकांचे तिरके होणे कमी झाले आणि मोटार अधिक शहाणी झाली. १९६३ च्या २३० एसएलने हीच तऱ्हा चालवली. पुढे १९७१ ला ती सोडून तिरप्या हातांची रचना आली. चिरंजिवांच्या मोटारीखाली आहे ती हीच.

या रचनेचे एक मर्म आहे. आखूड स्प्रिंगेने मोटार खाली बसवली की मागची चाके वरून आत झुकतात. फोटोत ऐट दिसते, पण टायरची आतली कड झपाट्याने झिजते आणि चाकाला वर जायला जागा कमी उरते, म्हणजे प्रत्येक खड्ड्याला खालून ठोसा. उंची बदलण्याची सोय कारखान्याने आधीच करून ठेवली आहे. स्प्रिंगेच्या माथ्यावर रबरी चकती असते, ती निरनिराळ्या जाडीत मिळते, आणि जाडी ओळखू यावी म्हणून तिच्यावर छोटे उंचवटे असतात. जुनी चकती चेपली म्हणून एक बाजू खाली गेलेली असते, आणि लोक नव्या स्प्रिंगांसाठी पाकीट उघडतात!

शिवाय मोटार बिनटपाची. दिवाळीच्या मिठाईचा पुठ्ठ्याचा खोका घ्या. झाकण लावून पिळून पाहा, मग झाकण काढून पिळा. उघडी मोटार म्हणजे झाकण नसलेला खोका. स्प्रिंगेने झेलला नाही तो धक्का अंगावर येतो, समोरची काच आणि आरसा थरथरू लागतात, आणि धातू हळूहळू थकतो.

इथेच जिवाचा प्रश्न येतो. पुढच्या चाकांचे हात ज्या आडव्या पोलादी फ्रेमला जोडलेले असतात, तिला या पिढीच्या मोटारींत खालच्या हाताच्या जोडाजवळ तडे जातात, ही जाणकारांना ठाऊक असलेली खोड आहे. त्यात शिकागोचे हिवाळे. बर्फासाठी रस्त्यावर मीठ टाकतात, आणि गंजाला तो पाहुणचारच. तेव्हा एक पैसाही खर्च करण्याआधी ती फ्रेम घासून स्वच्छ करून, प्रखर उजेडात पाहावी. तडा असेल तर सांधून मजबुती द्यावी किंवा फ्रेम बदलावी. तडा तसाच ठेवून वर कडक स्प्रिंगा चढवणे हा अडाणीपणा आहे, मग त्याला किती का खर्च येईना.

दुसरा धोका गॅरेजातला. पुढची स्प्रिंग, चाक मोकळे लोंबत असतानाही, शेकडो किलोंच्या दाबाखाली असते. ती काढायला आतून दोन ताटल्यांनी दाबून धरणारे खास हत्यार लागते. बाजारातल्या साध्या आकड्यांचे हत्यार निसटले, तर स्प्रिंग तोफेच्या गोळ्यासारखी सुटते. एवढे एक काम मेस्त्रीकडेच द्यावे, असे माझे स्पष्ट मत आहे. बाकीची हौस मुलाने खुशाल करावी; मोटारीखाली मात्र केवळ जॅकच्या भरवशावर शिरू नये, भक्कम आधार लावावेत.

हौशीला कामही भरपूर आहे. आधी टायर पाहावेत. कडेला कोरलेल्या चार आकड्यांत पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष सांगतात. २३१२ म्हणजे २०१२ सालचा तेविसावा आठवडा. नक्षी शाबूत दिसली तरी असा म्हातारा टायर बदलावाच. मूळ चाके १४ इंची, टायर उंच भिंतीचे; ती भिंतही एक स्प्रिंगच आहे, म्हणून मोठ्या चाकांवर पातळ टायर घालताना विचार करावा. मग सगळे बुश आणि बॉल-जॉइंट, रबरी चकत्या, आणि चांगले वायुदाबाचे शॉक-अ‍ॅब्सॉर्बर. वायूचा दाब अशासाठी की तेलाला फेस येऊ नये. बिलस्टाइन कंपनी मर्सिडीजला असे शॉक-अ‍ॅब्सॉर्बर १९५७ पासून पुरवू लागली.

बुशांचे बोल्ट मात्र मोटार चाकांवर जमिनीवर उभी करूनच शेवटचे आवळायचे. चाके लोंबत असताना आवळले, तर मोटार खाली येताच रबर पिळले जाते, कायम पिळलेलेच राहते आणि लवकर फाटते. यानंतर चाकांचे कोन मोजून घ्यावेत आणि महिनाभर मोटार चालवावी. तरीही कलणे खटकले, तर दोन्ही बाजूंना जोडणारी पिळाची दांडी थोडी जाड बसवावी. दोन्ही चाके एकदम उंचवट्यावर गेली तर ती गप्प राहते. मोटार कलू लागली की तेवढी अडवते.