कूलर घरात, अर्थिंग कुठे?

वाचकहो, रोजच्या वापरातल्या वस्तूंची यादी करायला बसलो तर आपण काय लिहू? माठ, बादली, सूप, झाडू, बाज, गॅसची शेगडी, मोबाईल. पण नागपूर जिल्ह्यात होळी पेटली की या सगळ्यांना मागे सारून एक वस्तू पुढे येते. अडगळीतून ती ओढून काढली जाते, पत्र्याला रंगाचा हात मिळतो, ताट्या बदलल्या जातात आणि पाऊस पडेपर्यंत ती रात्रंदिवस घरघरत राहते. ती म्हणजे कूलर. काटोल असो, कुही असो की भिवापूर, टिनाच्या छताखाली राहणाऱ्यालाही आता ती चैन वाटत नाही. २३ मे २०१३ रोजी नागपुरात ४७.९ अंश तापमान नोंदलं गेलं होतं. (२०२४ च्या मे अखेरीस ५६ अंशांचा आकडा गाजला, तो यंत्राच्या बिघाडाचा निघाला. पण लोकांना तो चटकन खरा वाटला, यातच आपल्या उन्हाची कीर्ती आली!) नवतपात लहान लेकरू आणि म्हातारं माणूस घरात असेल तर कूलर ही गरज आहे. तेव्हा कूलर घेऊ नका असं सांगण्यासाठी हा लेख नाही.

हे यंत्र आपल्या हवेला जमतंही फार छान. आपली मे महिन्यातली हवा कोरडी ठक्क असते. ओल्या ताटीतून ती आत ओढली गेली की पाण्याची वाफ होते आणि त्या वाफेपायी हवेतली उष्णता खर्ची पडते. कोकणातल्या दमट हवेत हाच कूलर नुसता पंखा ठरतो. शिवाय वस्तू इथलीच. पत्रा वाकवणारा गावाजवळचा कारागीर, ताटी भरणारा चौकातला माणूस, मोटर बाजारातून आणलेली. दुरुस्तीला कंपनीकडे जावं लागत नाही, ही सोय मोठीच.

आता दुसरी बाजू. दर उन्हाळ्यात वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर चार ओळींची बातमी येते. कूलरमध्ये पाणी भरताना विजेचा धक्का, अमुक गावात मृत्यू. कधी घरची बाई, कधी खेळता खेळता पत्र्याला हात लावलेलं पोरगं. आपण 'अरेरे' म्हणतो, पान उलटतो. गावात म्हणतात, "बाप्पा, त्याची वेळच भरली होती!" वेळबिळ काही नाही. लोखंडी पत्र्याची पेटी, तिच्यात पाणी, पाण्यात बुडालेला पंप, त्याची वर्षभर अडगळीत उंदरांनी कुरतडलेली वायर आणि समोर ओल्या जमिनीवर अनवाणी उभा माणूस. धक्का बसायला आणखी काय लागतं?

"आमच्याकडे फ्यूज आहे ना भाऊ," असं कोणी म्हणेल. फ्यूज वायर जळू नये म्हणून असतो, तो माणसाला वाचवत नाही. पाच अँपिअरचा फ्यूज उडायला पाच हजार मिलीअँपिअरहून जास्त वीज जावी लागते. माणसाच्या छातीतून काही दशक मिलीअँपिअर गेली तरी काळीज थांबू शकतं. म्हणजे माणूस जातो आणि फ्यूज जागच्या जागी राहतो. त्यातही कित्येक घरांत फ्यूजच्या जागी तांब्याची जाड तार पिळून बसवलेली असते. तिचं तर बोलायलाच नको.

बटन बंद केलं म्हणजे झालं, हाही असाच एक समज. दोन पिनचा प्लग उलटा बसला तर बटन न्यूट्रल तोडतं आणि फेज कूलरमध्ये तशीच जिवंत राहते. पंखा थांबलेला दिसतो, पत्रा मात्र मारायला तयार. म्हणून पाणी भरण्याआधी प्लगच बाहेर काढायचा. आणि तीन पिनच्या प्लगमधली ती वरची जाड, लांब पिन शोभेची नाही. ती अर्थिंगची. आत जाताना ती सगळ्यांत आधी जोडली जावी आणि निघताना शेवटी सुटावी म्हणून लांब ठेवलेली असते. आपण काय करतो? बोर्डात बसत नाही म्हणून ती पिनच तोडून टाकतो, नाहीतर तीन तारांची वायर महाग पडते म्हणून दोन तारांवर भागवतो.

आता अर्थिंग म्हणजे काय, तर पत्र्यात उतरलेल्या विजेला माणसाच्या अंगातून न जाता थेट जमिनीत जायला दिलेला सोपा रस्ता. खड्डा करायचा, त्यात पाईप किंवा पट्टी उभी करायची, भोवती कोळसा आणि मीठ भरायचं, तिथून तार आणून घरातल्या बोर्डांना जोडायची. शेतकऱ्याला हे समजायला अवघड नाही, कारण सगळा खेळ मातीच्या ओलीचा आहे. ओल असेल तर वीज जमिनीत उतरते, नसेल तर अडते. आणि आपली काळी माती एप्रिल-मेमध्ये कशी होते? हात जाईल एवढ्या भेगा पडतात! म्हणजे ज्या महिन्यांत कूलर सर्वांत जास्त चालतो, नेमक्या त्याच महिन्यांत अर्थिंगचा खड्डा सुकून निकामी होत असतो. पावसाळ्यात वायरमनने तपासून 'ठीक आहे' म्हटलेलं अर्थिंग मे महिन्यात ठीक असेलच असं धरू नका.

खड्ड्याचा त्रास नको म्हणून काही ठिकाणी अर्थिंगची पिन न्यूट्रललाच जोडून देतात. ही तर सरळ फसवणूक. खांबावरची न्यूट्रल तार वाऱ्या-वादळात तुटली की घरातल्या प्रत्येक पत्र्याच्या वस्तूत वीज उतरते. आकडा टाकून घेतलेल्या विजेत न्यूट्रलसाठी जमिनीत सळई ठोकतात, तोही प्रकार तितकाच घातकी. तिथे सळईजवळची ओली जमीनच धक्का देऊ शकते.

कायदा यावर गप्प नाही. १९५६ च्या भारतीय विद्युत नियमांत ३३ वा नियम होता. वीज पुरवणाऱ्याने ग्राहकाच्या जागेत, पुरवठा सुरू होतो तिथेच, हात पोहोचेल असं अर्थिंगचं टोक द्यावं आणि ते नीट राखावं, असं त्यात सांगितलं होतं. नंतरच्या सुरक्षा नियमांतही ही जबाबदारी आली. वाचकहो, उठा आणि मीटरजवळ ते टोक आहे का ते पहा. नसेल तर ते मागण्याचा हक्क तुमचा आहे. बिल थकलं तर तोडायला माणूस येतो. मग अर्थिंग बघायलाही माणूस यावा, असं म्हणण्यात काय चुकलं? कोराडी, खापरखेडा, मौदा ही वीज केंद्रं आपल्याच जिल्ह्यात आहेत. राख आपण झेलतो, तर निदान घरात येणारी वीज तरी जीव न घेणारी असावी.

माझी सूचना साधी आहे. १ मेच्या ग्रामसभेत हा विषय घेतला तर उशीर होतो, कारण तोवर कूलर दीड महिना चाललेले असतात. २६ जानेवारीच्या सभेत घ्या. ज्यांच्या मीटरजवळ टोक नाही त्यांचे अर्ज एकत्र करा, उपविभागीय कार्यालयाची पोच घ्या, दाद लागली नाही तर जिल्ह्याच्या विद्युत निरीक्षकाकडे जा. एकट्यादुकट्याचा अर्ज फायलीत पडून राहतो, ऐंशी घरांचा तसा राहत नाही. घरकुलाचा शेवटचा हप्ता देण्याआधी संडास बांधला का ते विचारतात, तसं अर्थिंग केलं का हेही विचारायला हरकत नसावी. आणि ज्याला जमेल त्याने तीस मिलीअँपिअरचा आर.सी.सी.बी. बसवून घ्यावा. गेलेली वीज आणि परत आलेली वीज यांत तेवढा फरक पडला की तो क्षणात पुरवठा तोडतो. कूलरच्या ताट्यांसाठी दुकानदाराशी दहा रुपयांची घासाघीस करणारे आपण, एवढ्या खर्चाला मात्र 'पुढच्या वर्षी पाहू' म्हणतो.

कोणी कूलरला चिकटलेला दिसला तर हात लावू नका. आधी मेन स्विच बंद करा, ते जमलं नाही तर कोरड्या लाकडाने त्याला सोडवा. वाचवायला धावलेला दुसरा माणूसही गेला, अशा बातम्या कमी नाहीत. आणि आज संध्याकाळी कूलरमध्ये पाणी ओताल, तेव्हा प्लग काढून ओता, आणि त्यातलीच एक बादली अर्थिंगच्या खड्ड्यात टाका.