जांगडाचा माल म्हणजे विक्री नव्हे

कॅनडात १७ ऑक्टोबर २०१८ पासून गांजाची विक्री कायदेशीर झाली. हा धंदा आमच्या पसंतीचा नाही आणि आपल्याकडे १९८५ च्या कायद्याने त्यावर बंदीच आहे. पण तेथील कंपन्यांच्या हिशेबातून आपल्या व्यापारी बांधवांनी घेण्यासारखे काही आहे.

सुक्या मालावर तेथे ग्रॅममागे १ डॉलर किंवा किमतीच्या १० टक्के, जे जास्त असेल ते, अबकारी कर पडतो. कंपनी तो वजा करूनच निव्वळ उत्पन्न सांगते. कर ही सरकारची अमानत. ती आपली कमाई नव्हे. दुसरी वजावट परत येणाऱ्या मालाची. कॅनोपी ग्रोथ कंपनीचे तेल व कॅप्सूल अपेक्षेइतके खपले नाहीत. सप्टेंबर २०१९ अखेरच्या तिमाहीत परतीचा माल व भावकपात यांपोटी तिला ३ कोटी २७ लाख कॅनेडियन डॉलर सोडावे लागले.

आता आपल्याकडे पाहा. भिवंडीचे कापड कल्याण-डोंबिवलीच्या दुकानांत जांगडावर जाते. चलन फाटले की मालक विक्री धरतो आणि त्या भरवशावर सुताची उधारी वाढवतो. सण संपला की गठ्ठे परत! उधारी मात्र उभीच. जीएसटी कायदाही पसंतीवर पाठवलेल्या मालाचे बिल विक्री ठरल्यावर मागतो. मात्र सहा महिने उलटू देत नाही. दुसऱ्याच्या सुतावर विणणाऱ्या कारागिराची कमाईही मजुरीपुरतीच.

म्हणून जांगडाची वही वेगळी ठेवा, दर महिन्याला दुकानदाराकडून शिल्लक मोजून घ्या आणि पक्क्या विक्रीवरच पुढची उधारी करा. फुगवलेल्या आकड्याने पेढी चालत नाही.