कंसातली नावं पुसू नका

आमच्या मंगळवेढ्यात जमिनीचा व्यवहार ठरवणारी जाणती माणसं जुन्या सातबाऱ्यावर आधी कंस शोधतात. हस्तलिखित उताऱ्यात मालक बदलला की तलाठी जुन्या नावाला कंस करायचा आणि फेरफार क्रमांक लिहायचा. तो क्रमांक धरून गाव नमुना सहा उघडला की जमीन वारसाने आली, खरेदीने आली की वाटणीत, ते कळतं. १९४७च्या तुकडेजोड कायद्याखाली एकत्रीकरण झालं तिथे सर्व्हे नंबर जोडून गट पडले. पण कोणता गट कुठल्या सर्व्हे नंबरातून आला, याचा उतारा ठेवला गेला. म्हणून आजही भांडण मिटवता येतं.

मी सॉफ्टवेअर लिहितो. कंपनी पुण्याची, काम घरून, खिडकीबाहेर मालदांडी ज्वारी. आमच्या धंद्यातली फेरफार नोंदवही म्हणजे गिट. लिनस टोरवाल्ड्स यांनी २००५मध्ये लिनक्स या संगणक प्रणालीच्या कामासाठी ते तयार केलं. कोडमधल्या प्रत्येक बदलाची नोंद म्हणजे कमिट : कोणी, कधी, काय बदललं आणि, लिहिणारा शहाणा असेल तर, कशासाठी. नवं काम वेगळ्या ब्रांचवर, म्हणजे कोडच्या वेगळ्या फांदीवर, करायचं आणि जमलं की मुख्य ब्रांचमध्ये मर्ज करायचं.

वाद आहे तो मर्ज कसं करायचं याचा. साध्या मर्जमध्ये ब्रांचवरच्या सगळ्या नोंदी राहतात आणि त्यांवर एक जोडनोंद पडते, जिला दोन पूर्वज असतात. स्क्वॉश केलं की सगळ्या नोंदी मिळून मुख्य ब्रांचवर एकच नोंद उरते. पुढे ब्रांच काढून टाकली की मधला प्रवास गेला. हल्ली बऱ्याच टीम सरसकट स्क्वॉश करतात आणि माझा त्याला विरोध आहे.

दूध संकलनाचं एक सॉफ्टवेअर आमच्याकडे आलं. दर दहा दिवसांनी उत्पादकाचं बिल काढायचं. त्यात फॅटचा दुसरा दशांश सोडून देणारी एक ओळ होती; ३.५८ आलं तर ३.५ धरायचं. ही चूक की दूध संघाने ठरवलेला नियम? नोंद बघितली, तर तीन-चार महिन्यांच्या कामाला एकच कमिट, मजकूर ‘दूध विभाग पूर्ण’. लिहिणारा केव्हाच नोकरी सोडून गेलेला. फॅटच्या एका पॉइंटवर माणसाचे पैसे ठरतात. तिथे अंदाजाने हात कसा घालणार?

गिटमध्ये बायसेक्ट नावाची सोय आहे. हजार कमिटांपैकी कुठल्या कमिटने बिघाड आणला, हे ती निम्मे-निम्मे करत साधारण दहा तपासण्यांत शोधून देते. पण सापडलेलं कमिटच दोन हजार ओळींचं असेल, तर शोध तिथेच अडला.

आमचा धाकटा सहकारी म्हणतो, “दादा, ‘टायपो’, ‘परत एकदा’, ‘आता तरी चाल बाबा’ असल्या नोंदी जपून काय लोणचं घालायचं?” त्याचं खरं आहे. आपली ब्रांच दुसऱ्याला दाखवण्याआधी आवरावी. त्यासाठी नोंदी नव्याने रचून देणारी रीबेसची सोय आहेच. टोरवाल्ड्सही लिनक्सवाल्यांना हेच सांगत आले : स्वतःचा खाजगी पसारा खुशाल आवरा, पण ज्यावर दुसऱ्यांनी काम उभं केलं तो इतिहास पुन्हा लिहू नका. आवरणं म्हणजे चाळीस नोंदींच्या सहा सुबक नोंदी करणं. एक करणं नव्हे.

राहिला स्क्वॉशवाल्यांचा स्वच्छ यादीचा हट्ट. फर्स्ट-पेरेंट हा पर्याय दिला की गिट फक्त मुख्य ब्रांचवरच्या नोंदी दाखवतं, आतला तपशील हवा तेव्हा उघडता येतो. संगणकीय सातबाऱ्यावरची गर्दी अशीच कमी झाली. पण जुने उतारे आणि फेरफार स्कॅन करून ठेवले. तोंडवळा स्वच्छ केला, दप्तर जाळलं नाही.

हा प्रश्न फक्त आम्हा प्रोग्रामरांचा नाही. दूध संघ, पतसंस्था, नगरपालिका लाखो रुपये मोजून सॉफ्टवेअर लिहून घेतात आणि काम संपल्यावर एक झिप फाइल हातात पडते. त्यात आजचा कोड असतो, कालचं एक अक्षरही नसतं. करारात एक कलम वाढवा : मर्जच्या जोडनोंदींसह संपूर्ण गिट भांडार संस्थेच्या ताब्यात मिळाल्याशिवाय शेवटचा हप्ता द्यायचा नाही.