दाढेचा पू तपासायला द्या!

"डॉक्टर, मला डायबेटिस नाही, मग दाढेमुळे एवढी सूज कशी?" प्रश्न रास्त आहे. दातांचे बहुतेक इन्फेक्शन तोंडातल्या नेहमीच्या जंतूंमुळे होते. पण क्वचित धडधाकट माणसातही वेगळाच जंतू निघतो. उदाहरणार्थ, अ‍ॅक्टिनोमायसीस. हा एरवी तोंडात निमूट राहतो. किडलेल्या किंवा काढलेल्या दाढेतून खोल शिरला, की जबड्यावर टणक गाठ येते. काही आठवड्यांनी ती फुटून पिवळे कण असलेला पू येऊ शकतो. दातदुखीवर सर्रास घेतली जाणारी मेट्रोनिडाझोल याच्यावर चालत नाही. पेनिसिलिन चालते, पण बरेचदा काही महिने घ्यावे लागते.

म्हणून माझे स्पष्ट मत : पुण्यात गल्लोगल्ली मेडिकल आहे म्हणून आपल्याच मनाने कोर्स सुरू करू नका. अर्धवट गोळ्यांनी जंतू दबतो, मरत नाही. शिवाय कल्चरमध्येही उगवेनासा होतो. पू काढताना "कल्चरला पाठवताय ना?" असे जरूर विचारा. हा जंतू वाढायला दोन आठवडेही लागू शकतात.

मात्र तोंड उघडेना, गिळता येईना, जिभेखाली सूज आली किंवा श्वास अडकू लागला, तर रिपोर्टची वाट पाहू नका. तडक हॉस्पिटल गाठा.