विश्लेषण : गंधकावर चालणारी बॅटरी कार्बनपाशी का अडते?

डिसेंबर २०२४ मध्ये स्टेलांटिस या वाहन कंपनीने अमेरिकेच्या झीटा एनर्जीशी लिथियम-सल्फर बॅटरीसाठी करार केला. २०३० पर्यंत ही बॅटरी मोटारींत बसवण्याचे उद्दिष्ट आहे. तिला निकेल लागत नाही, कोबाल्टही नाही.

गंधकच का?

एक ग्रॅम गंधक सैद्धांतिकदृष्ट्या सुमारे १,६७५ मिलिअँपिअर-तास विद्युतभार साठवू शकतो. सध्याच्या निकेल-कोबाल्ट कॅथोडमध्ये हा आकडा २०० च्या आसपास असतो. व्होल्टेज मात्र कमी, जेमतेम २.१. त्यामुळे फायदा आठपट होत नाही, तरी मोठा आहे. शिवाय गंधक स्वस्त! पेट्रोल-डिझेल शुद्ध करताना तो बाहेर पडतोच. माहुलच्या रिफायनरीही त्याला अपवाद नाहीत.

अडचण काय?

गंधकातून वीज जवळपास वाहतच नाही. बॅटरी वापरताना तयार होणारी पॉलिसल्फाइड संयुगे इलेक्ट्रोलाइटमध्ये विरघळून थेट लिथियमपर्यंत पोहोचतात आणि क्षमता घसरत जाते. त्यात भर म्हणजे गंधकाचे लिथियम सल्फाइड होताना आकारमान सुमारे ८० टक्क्यांनी वाढते.

कार्बन काय करतो?

स्पंजचे काम. तो वीज वाहतो, छिद्रांत गंधक धरतो आणि फुगायला जागा देतो. २००९ मध्ये कॅनडातील वॉटरलू विद्यापीठात लिंडा नाझर यांच्या गटाने सच्छिद्र कार्बनात वितळलेला गंधक भरून १,३२० मिलिअँपिअर-तासांपर्यंत मजल मारली आणि या संशोधनाला वेग आला. पण साधा कार्बन पॉलिसल्फाइडला घट्ट धरत नाही. म्हणून त्यात नायट्रोजनचे अणू किंवा धातूंची ऑक्साइड मिसळून पाहिली जातात.

आकडे कसे वाचायचे?

खरी मेख इथे आहे. शोधनिबंधांतील आकडे बहुतेकदा फक्त गंधकाच्या वजनावर काढलेले असतात. कार्बन, इलेक्ट्रोलाइट, आवरण यांचे वजन त्यात धरलेले नसते. कार्बन जितका सच्छिद्र, तितका तो जागा खातो आणि इलेक्ट्रोलाइटही जास्त पितो. मोटारीत जागा मोजकी असते. विमानात वजन महत्त्वाचे, म्हणूनच २०१० मध्ये झेफिर हे सौरऊर्जेवरचे मानवरहित विमान याच बॅटरीवर १४ दिवस उडत राहिले. मात्र विमानांसाठी अशी बॅटरी बनवू पाहणारी ब्रिटनची ऑक्सिस एनर्जी २०२१ मध्ये आर्थिक अडचणीत बुडाली.

कॅथोड सुधारला तरी दुसऱ्या टोकाला लिथियम धातू उरतोच. त्यावर सुईसारखे काटे उगवून शॉर्टसर्किट होण्याचा धोका असतो. झीटाने त्यासाठीही कार्बन नॅनोट्यूबचाच आधार घेतला आहे.