बंडखोरांचे सभ्य मुखपृष्ठ

‘रोलिंग स्टोन’च्या पहिल्या अंकाच्या मुखपृष्ठावर जॉन लेनन आहे, पण त्याच्या हातात गिटार नाही. डोक्यावर लष्करी हेल्मेट, नाकावर गोल चष्मा. ‘हाउ आय वन द वॉर’ या चित्रपटातला हा फोटो. अंकावर तारीख ९ नोव्हेंबर १९६७, किंमत २५ सेंट, कागद वर्तमानपत्राचा. आणि त्याच पहिल्या पानावर एक खमकी बातमी: त्या उन्हाळ्यात गाजलेल्या माँटेरे पॉप महोत्सवाचे पैसे गेले कुठे?

चकचकीत काही नाही, किंचाळणारे तर अजिबात नाही. साडेसात हजार डॉलर उसने घेऊन सॅन फ्रान्सिस्कोत हा उद्योग मांडणारा यान वेनर तेव्हा एकवीस वर्षांचा होता. जोडीला पन्नाशीचा राल्फ ग्लीसन, ‘सॅन फ्रान्सिस्को क्रॉनिकल’चा मुरलेला जॅझ-समीक्षक. पहिल्या अंकाच्या बहुतेक प्रती विकल्या न जाता परत आल्या, तरी त्या पानाने ठरवलेली चाल पुढे अनेक वर्षे टिकली. रॉक मासिकाच्या रूपाबद्दल बोलताना लोक रंग, आग आणि वेडीवाकडी अक्षरे यांच्याकडे आधी पाहतात. या सदराचे मत नेमके उलटे आहे. या धंद्यातले सर्वांत वजनदार मुखपृष्ठ उभे राहिले ते शिस्तीवर, आणि ती शिस्तही उसनी होती.

आजूबाजूला काय चालले होते ते पाहिले की हे जास्त खटकते. १९६७चे सॅन फ्रान्सिस्को म्हणजे पोस्टरांचे शहर. फिलमोर आणि अ‍ॅव्हलॉन या नृत्यगृहांतल्या कार्यक्रमांसाठी वेस विल्सन, व्हिक्टर मोस्कोसो, रिक ग्रिफिन ही मंडळी अशी पोस्टरे काढत की कोणाचा कार्यक्रम कधी आहे हे कळायला भिंतीपुढे पाच मिनिटे उभे राहावे लागे. मोस्कोसो येल विद्यापीठात जोसेफ आल्बर्सकडे रंगशास्त्र शिकलेला. डोळ्यांना टोचणारे रंग शेजारी ठेवू नयेत, हा धडा त्याने तिथे घेतला आणि इथे येऊन मुद्दाम उलटा वापरला. ‘सॅन फ्रान्सिस्को ओरॅकल’ हे हिप्पींचे पत्र तर छपाईच्या एकाच रोलरवर निरनिराळ्या शाया सोडून पानभर इंद्रधनुष्य उमटवत असे.

वेनर या गावात राहून त्या वाटेने गेला नाही. तो आधी ‘संडे रॅम्पार्ट्स’ या डाव्या वृत्तपत्रात काम करत होता. ते बंद पडले, तेव्हा त्याची पानरचना ‘रोलिंग स्टोन’ने जवळजवळ जशीच्या तशी उचलली. टाइम्स रोमनच्या घराण्यातला टाइप, सरळ स्तंभ, आणि पानाभोवती एक जाड, एक बारीक अशी दुहेरी रेघ. छापखान्यात तिला ऑक्सफर्ड रूल म्हणतात. लांबून पाहणाऱ्याला हे एखादे जुने इंग्रजी वृत्तपत्र वाटावे. गांजा, युद्धविरोध आणि विजेची गिटार यांवर लिहिणाऱ्या पत्राने आपले कपडे मात्र आजोबांच्या कपाटातून काढले! त्यात लबाडी होती, आणि ती फळली. रॉकवर गंभीरपणे लिहिता येते हे पटवायचे होते. तेव्हा मजकूर वाचण्याआधीच रेघा ते काम करून टाकत.

पोस्टरांच्या जगातून फक्त एक गोष्ट आत आली, ती म्हणजे नावाची अक्षरे. ती रिक ग्रिफिनने काढली. तो अजून त्यांवर हात फिरवणार होता, पण अंक छापायला द्यायची वेळ झाली आणि वेनरने कच्चे रेखाटनच उचलून नेले. पुढे जिम पार्किन्सनने १९७७ आणि १९८१मध्ये ते मास्टहेड पुन्हा रेखले, गाठी सोडवल्या, कडा साफ केल्या, पण अक्षरांची फुगीर वळणे ठेवली. सभ्य चौकटीत हे एकच वळणदार, थोडे नशेतले नाव. मुखपृष्ठाची गंमत या जोडीत आहे. दोन्ही सभ्य असते तर कंटाळा आला असता, दोन्ही नशेत असते तर नाव वाचता आले नसते.

नंतरचे काम चेहऱ्यांनी केले. १९६८च्या नोव्हेंबरात, पहिल्या वाढदिवसाच्या अंकावर, लेनन आणि योको ओनो पाठमोरे आणि विवस्त्र. अंक हातोहात गेला. बॅरन वोल्मनने फोटोग्राफीची पायवाट पाडली, अ‍ॅनी लीबोविट्झने तिचा हमरस्ता केला. रॅकवर शेजारच्या मासिकांची नावे एकमेकांवर ओरडत असताना इथे एक माणूस सरळ वाचकाकडे पाहत असे, आणि कधी त्याचे डोके मास्टहेडची दोन-तीन अक्षरे झाकून टाके. आपले नाव झाकायची हिंमत सहसा नवे मासिक करत नाही. ती ऐट ओळख पक्की झालेल्यांची.

ही जागा किती मोलाची झाली होती याचा पुरावा एका गाण्याने दिला. शेल सिल्व्हरस्टीनने लिहिलेले आणि डॉक्टर हुक या गटाने १९७२मध्ये गायलेले ते गाणे एवढेच सांगते, की सगळे मिळाले, पण ‘रोलिंग स्टोन’चे कव्हर काही मिळाले नाही. गाण्यात मासिकाची जाहिरात होते म्हणून बीबीसीने ते वाजवायला नकार दिला. मासिकाने २९ मार्च १९७३च्या अंकावर गटाला जागा दिली खरी, पण फोटो न छापता व्यंगचित्र छापले आणि गटाचे नाव गाळून, काय ते यांचे नाव, अशा अर्थाची ओळ टाकली. मुखपृष्ठाला स्वतःची चेष्टा परवडते, असे दिवस होते ते.

संयमाची परिसीमा म्हणजे २२ जानेवारी १९८१चा अंक. लीबोविट्झने ८ डिसेंबर १९८०ला न्यूयॉर्कच्या डकोटा इमारतीत फोटो काढला: विवस्त्र लेनन पूर्ण पोशाखातल्या योकोला बिलगलेला. मासिकाला एकटा लेनन हवा होता, त्याने योकोशिवाय बसायला नकार दिला. त्याच रात्री त्याचा खून झाला. अंक निघाला तेव्हा मास्टहेडशिवाय मथळ्याचा एक शब्दही मुखपृष्ठावर नव्हता. अमेरिकेतल्या मासिक-संपादकांच्या संस्थेने २००५मध्ये गेल्या चाळीस वर्षांतले सर्वोत्तम मुखपृष्ठ म्हणून त्याची निवड केली. शब्द गाळायचा निर्णय एका क्षणाचा. तो घेता यावा म्हणून आधीची तेरा वर्षे नाव घराघरांत पोहोचवावे लागले होते.

शिस्त झुगारणारेही झालेच, आणि त्यांतले काही झकास. १९७६च्या जानेवारीत न्यूयॉर्कमध्ये निघालेल्या ‘पंक’च्या पहिल्या अंकावर जॉन होल्मस्ट्रमने काढलेला व्यंगचित्रातला लू रीड आहे, आतला मजकूरही पुष्कळसा हातानेच लिहिलेला. त्याच वर्षी लंडनमध्ये मार्क पेरीने ‘स्निफिन ग्लू’ काढले ते टाइपरायटर, जाड पेन आणि फोटोकॉपीच्या जोरावर. खिशात पैसे नाहीत हेच तिथे रूप झाले, म्हणून ते खरे वाटते. त्याची नक्कल नंतर महागड्या स्टुडिओंनी केली, ती मात्र पाहवत नाही.

डेव्हिड कार्सनची गोष्ट निराळी. शाळेत समाजशास्त्र शिकवणारा हा लाटांवरचा खेळाडू १९९२पासून ‘रे गन’ची मांडणी करत होता. तिथे अक्षरे एकमेकांवर चढत, स्तंभ पानाबाहेर घसरत. ब्रायन फेरीची मुलाखत त्याला कंटाळवाणी वाटली, तर त्याने ती सबंध झॅप्फ डिंगबॅट्स या चिन्हांच्या फाँटमध्ये लावली. वाचता येईल अशी प्रत त्याच अंकात मागे छापावी लागली. हा प्रकार मजेदार आहे आणि डिझाइनच्या वर्गात अजूनही सांगितला जातो. पण मुलाखत देणाऱ्याचे आणि घेणाऱ्याचे काय? मांडणीकाराने मजकुराला नापास केले, आणि वाचकाला शेवटचे पान शोधायला लावले. कार्सन १९९५मध्ये बाहेर पडला, मासिक २०००पर्यंत चालले.

भारतात या घराण्याचा धागा अलाहाबादेतून निघतो. अमित सैगलने तिथे १९९३मध्ये ‘रॉक स्ट्रीट जर्नल’ सुरू केले. ‘रोलिंग स्टोन’ची भारतीय आवृत्ती मुंबईतून आली ती २००८मध्ये. त्याच वर्षी अमेरिकेत मूळ मासिकाने आपला ऐसपैस आकार सोडून रॅकमध्ये बसेल असा बेताचा आकार घेतला. विक्रीचा हिशेब त्यामागे होता, तो समजण्यासारखा आहे. पण मोठ्या पानावरचा चेहरा आणि बेताच्या पानावरचा चेहरा यांत फरक पडतोच. २०१८मध्ये अंक महिन्यातून एकदाच निघू लागल्यावर त्यांनी आकार पुन्हा वाढवला, यातच काय ते आले.

या मुखपृष्ठाची ताकद सर्वांत कठोरपणे दिसली ती संगीताबाहेरच्या एका अंकावर. १ ऑगस्ट २०१३च्या अंकावर बोस्टन मॅरेथॉनमध्ये स्फोट घडवणाऱ्यांपैकी झोखर त्सारनाएव होता: विस्कटलेले कुरळे केस, कोवळा चेहरा, नजर थेट समोर. खालच्या मजकुरात त्याला राक्षस म्हटले होते. तरीही सीव्हीएस आणि वॉलग्रीन्स या दुकानांच्या साखळ्यांनी अंक ठेवायला नकार दिला, आणि बोस्टनच्या महापौरांनी निषेधाचे पत्र धाडले. हाच फोटो त्याआधी ‘न्यूयॉर्क टाइम्स’च्या पहिल्या पानावर येऊन गेला होता, तेव्हा असा भडका उडाला नव्हता. लोक फोटोवर चिडले नव्हतेच. ज्या नावाखाली जिम मॉरिसन आणि बॉब डिलन उभे राहिले, त्या नावाखाली तो उभा होता, आणि तिथे उभा राहणारा आपोआप तारा दिसतो. आतला लेख गंभीर पत्रकारितेचा होता, हे खरे. पण सेहेचाळीस वर्षे एकच मांडणी वापरून तिला अर्थ दिल्यावर, खाली बारीक टाइपात खुलासा केल्याने तो अर्थ पुसला जाईल असे संपादकांना वाटले कसे? त्या अंकाच्या सुट्या प्रतींचा खप मात्र नेहमीच्या दुपटीवर गेल्याची नोंद झाली.